डोक्यातून घालायचं हलकं वॉटरप्रूफ जॅकेट: डोंगराला आणि पाण्याला एकच चालेल का?

रानवाट

नमस्कार मंडळी. डोंगरातली भटकंती बरीच झाली, आता पाण्याचा नाद लागलाय. मुख्यतः कयाक, अधूनमधून सप (फळीवर उभं राहून वल्हवायचं), आणि मित्राच्या शिडाच्या होडीवर लुडबुड. माझ्याकडे ट्रेकचं समोरून चेन असलेलं रेन जॅकेट आहे, पावसात उत्तम. पण तेच घालून कयाकमध्ये बसलो की थोड्याच वेळात दोन्ही हात कोपरापर्यंत ओले. पाऊस नसताना!

म्हणून डोक्यातून घालायचा हलका पुलओव्हर घ्यायचं मनात आहे. शोधायला बसलो तर नुसता गोंधळ. कुणी स्प्लॅश टॉप म्हणतं, कुणी पॅडल जॅकेट, कुणी ड्राय टॉप, शिडवाले स्मॉक म्हणतात, डोंगरवाले अनोराक. फोटोत सगळे भाऊ-भाऊ. एका लेबलवर १०,००० मिमी, दुसऱ्यावर २०,०००. वजन पावशेरापासून पाऊण किलोपर्यंत.

प्रश्न साधा आहे. एकच जॅकेट दोन्हीकडे चालेल का? चालत असेल तर काय बघून घ्यायचं? कंपन्यांची नावं नकोत, ती भांडणं आपण पुरेशी केली आहेत.

उगाचच

रुमाल टाकून ठेवतो. पाण्यात जायचं आणि ओलं व्हायचं नाही, ही अपेक्षा वाचून गहिवरून आलं.

वल्हेकरी

कोपरापर्यंत ओले म्हणालात, तिथेच निदान झालं. जॅकेटचं काही चुकत नाहीये, ते वेगळ्या कामासाठी शिवलंय.

पावसात चालताना हात खाली असतात. पाणी बाहीवरून ओघळून बोटांकडे जातं आणि टपकतं. वल्हं मारताना एक हात आळीपाळीने वर असतोच. पातं पाण्यातून निघालं की त्यावरचं पाणी दांड्यावरून घरंगळत मुठीशी येतं, मुठीवरून मनगटाला, आणि हात वर असल्यामुळे तिथून थेट बाहीत. कोपरात वाकण असते, तिथे साठतं. दांड्यावरच्या रबरी चकत्या हे पाणी मध्येच टाकायला असतात. त्या पात्याच्या बाजूला सरकवून ठेवा, पण पाण्यात बुडणार नाहीत एवढ्या अंतरावर. बरेच जण मुठीला लागून ठेवतात आणि मग म्हणतात उपयोग नाही.

नुसतं वेल्क्रो आवळून भागत नाही. आवळलं की कापडाला चुण्या पडतात आणि चुणीचुणीतून पाण्याला वाट मिळते. म्हणून पाण्यावरच्या जॅकेटला मनगटात नियोप्रीनची (फोमसारखं ताणणारं रबर) किंवा लेप दिलेल्या ताणणाऱ्या कापडाची आतली पट्टी असते, कातडीला चिकटून बसणारी. तिच्यावरून वेल्क्रो येतं.

नावांचा गुंता असा सोडवा. गळा आणि मनगट नियोप्रीन-वेल्क्रोने बंद होतात, फवारा अडतो, पण पाण्यात पडलात तर पाणी आत येणारच: हा स्प्लॅश टॉप किंवा पॅडल जॅकेट. मनगटाला लॅटेक्सचं गॅस्केट (कातडीला घट्ट बसणारी रबरी पट्टी) आणि गळ्याला नियोप्रीन: सेमी-ड्राय. दोन्हीकडे लॅटेक्स आणि कंबरेला दुहेरी पट्टा: ड्राय टॉप. अनोराक म्हणजे डोंगरातला, ह्यातलं काहीच नसलेला, टोपी आणि पोटावर मोठा खिसा असलेला. स्मॉकचं शिडवाला सांगतील.

कंबर मुद्दाम वेगळी सांगतो. बंद कयाकमध्ये बसून स्प्रे स्कर्ट (कंबरेला घालून कयाकचं तोंड झाकायचं आवरण) लावत असाल तर जॅकेटची कंबर दुहेरी हवी. स्कर्टचा वर येणारा भाग जॅकेटच्या दोन थरांच्या मध्ये बसतो आणि छातीवरून ओघळलेलं पाणी स्कर्टच्या बाहेर जातं. एकेरी कंबरेचं जॅकेट स्कर्टच्या आत खोचलंत तर तेच पाणी तुमच्या मांडीवर.

थोडक्यात माझं मत: कापड शेवटी बघा, आधी भोकं बघा. डोक्याचं एक, हातांची दोन, कंबरेचं एक. समोर चेन असेल तर पाचवं, आणि सगळ्यांत लांब तेच. वीस हजार मिमीचं कापड आणि सैल मनगट म्हणजे दाराला भक्कम कुलूप आणि खिडक्या सताड उघड्या.

कोरडवाहू

वल्हेकरी, भोकांचं पटलं. पण आकड्यांनाही अर्थ असतो राव, तो आधी समजून घेऊ.

१०,००० मिमी म्हणजे कापडावर दहा मीटर उंच पाण्याचा स्तंभ उभा केला तेव्हा कुठे ते गळायला लागलं. जवळपास एका वातावरणाएवढा दाब. आयएसओ ८११ चाचणीत कापड यंत्रात आवळून एका बाजूने पाण्याचा दाब वाढवत नेतात आणि दुसऱ्या बाजूला तीन ठिकाणी पाणी फुटलं की तो दाब लिहून घेतात. लेबलवरचा आकडा तो.

आता हे पाण्यावर लावून बघा. कयाक उलटली, तुम्ही अर्धा मीटर पाण्याखाली गेलात, कापडावर दाब किती? ५०० मिमी. म्हणजे उलटण्यापुरतं बघायचं तर पाच हजार मिमीचं कापडही चिकार झालं. आकड्याची गरज पडते ती कापड दाबलं जातं तिथे: लाइफ जॅकेटचे पट्टे, सॅकचे खांदे, सपवर गुडघे टेकता ते, होडीच्या कडेवर बसता ते. शिवाय हा आकडा नव्या कोऱ्या कापडाचा. मीठ, वाळू आणि पट्ट्यांची घासाघीस सुरू झाली की तो खाली येत जातो. १५,०००-२०,००० घ्यायचं ते ह्या झिजेची तजवीज म्हणून. लाट जोरात बसते म्हणून नव्हे.

आता घाम. तो आकडा ग्रॅममध्ये असतो, एक चौरस मीटर कापडातून चोवीस तासांत किती वाफ बाहेर पडते त्याचा. ह्या चाचणीच्या पद्धती बऱ्याच आहेत आणि एकाच कापडाला प्रत्येक पद्धत वेगळा आकडा देते. त्यामुळे एका कंपनीचे १०,००० आणि दुसरीचे २०,००० शेजारी ठेवून दुप्पट चांगलं म्हणता येत नाही. आरईटी (कापड वाफेला किती अडवतं त्याचा आकडा) दिलेला असेल तर तो बघा, त्यात उलट हिशोब असतो: जितका कमी तितकं चांगलं. ६ च्या खाली उत्तम, २० च्या वर गेला की आत वाफ कोंडणार.

आणि ही वाफ बाहेर जाते ती आतल्या-बाहेरच्या हवेतल्या ओलाव्याच्या फरकावर. बाहेरच दमट उकाडा असेल तर कितीही महाग मेंब्रेन (पाणी अडवून वाफ सोडणारा आतला पातळ पडदा) असो, ढकलायला काही जोरच उरत नाही. जोरात वल्हवणारा माणूस तासाला लिटरभर घाम सहज काढतो. त्यात तुम्ही वरून लाइफ जॅकेट घालणार, म्हणजे छाती आणि पाठ फोमने बंद. श्वास घ्यायला शिल्लक राहिल्या बाह्या आणि खांदे. डोंगरातल्या जॅकेटमध्ये वाफ सोडणाऱ्या कापडाला मोजलेले पैसे वसूल होतात. पाण्यात त्यातले अर्धे फोमखाली झाकून ठेवायचे असतात, हे घेताना लक्षात असू द्या.

उगाचच

म्हणजे घामाने भिजायचं की पाण्याने, एवढाच चॉइस आहे तर.

वल्हेकरी

घामाने भिजलेलं बरं. वारा लागत नाही तोवर ते ऊबदार असतं. पाण्याच्या खेळात हलक्या जॅकेटचं निम्मं काम वारा अडवणं हेच आहे. ओल्या अंगावर वारा लागला की हुडहुडी भरायला फार वेळ लागत नाही, ऊन असलं तरी.

आत सुती काही घालू नका. लोकर किंवा पॉलिस्टर.

शिडवाला

स्मॉकची आठवण काढलीत म्हणून आलो. स्मॉक म्हणजे होडीवर घालायचा असाच डोक्यातून घालायचा पुलओव्हर.

शिडाच्या छोट्या होडीवर समोरची चेन का नको, ते एकदा हार्नेस (होडीबाहेर झुकताना दोरीला अडकवायचा कंबरेचा पट्टा) घातला की कळतं. हार्नेसचा हुक बरोबर बेंबीच्या वर येतो. त्याच्याखाली चेन असेल तर ती टोचते, वाकते, वाकली की दात सुटतात. होडीच्या कडेवर पोटावर सरपटत चढताना तीच चेन कडेला घासते. कयाकवाल्यांचंही तेच, लाइफ जॅकेटखाली चेन आली की बसल्यावर तिचा फुगा येतो आणि हनुवटीला लागतो. पुलओव्हरला पुढे सलग कापड. वजनही कमी, कारण वॉटरप्रूफ चेन आणि तिच्यामागची पट्टी ही जॅकेटमधली जड गोष्ट असते.

अजून एक: चेनवर चकचकीत लेप दिसला म्हणजे ती वॉटरप्रूफ असं नव्हे. रेन जॅकेटवर असते ती बहुतेक वेळा पाणी थोपवणारी चेन. दातांच्या वरून पॉलियुरेथेनचा पापुद्रा असतो, पाऊस अडतो, दाबाखाली पाणी येतं. ड्राय सूटची (अख्खं अंग कोरडं ठेवणाऱ्या पोशाखाची) खरी बंद होणारी चेन जाड, कडक आणि महाग असते, ती हलक्या जॅकेटला कुणी लावत नाही. त्यामुळे पुलओव्हरच्या गळ्याला आखूड चेन असलीच तर ती वरच्या वितीभर भागापुरती आणि आतून कापडाची पाकळी दिलेली बघा.

टोपी: कयाकच्या वाहत्या पाण्यात नको. तिच्यात पाणी भरतं, प्रवाह मान मागे ओढतो. हेल्मेटखाली ती बसत नाही, वर घातली तर कानावर येऊन हाका ऐकू येत नाहीत. समुद्रावर लांबचं अंतर वल्हवणाऱ्यांना मात्र टोपी लागते. गुंडाळून कॉलरमध्ये बंद होणारी मिळाली तर उत्तम. दोऱ्या लोंबकळणाऱ्या नकोत, कुठेतरी अडकतात.

रंग. निळा, राखाडी, काळा पाण्यावर दिसत नाही, पांढरा फेसात हरवतो. नारिंगी, भडक पिवळा, पोपटी-पिवळा घ्या. फोटोत कसा दिसतो ते जाऊ द्या, शोधणाऱ्याला दिसला पाहिजे.

आणि हे ठळक करून वाचा: गॅसने फुगणारं लाइफ जॅकेट असेल तर ते सगळ्यांत वर. त्याच्यावरून पुलओव्हर कधीच घालायचा नाही. आत फुगलं तर छाती आवळली जाईल आणि ते काढताही येणार नाही. फोमचंसुद्धा जॅकेटच्या वरूनच घालायचं.

चिंबओली

मी फक्त सप करते, ऊन असताना, कोमट पाण्यात. मला ह्यातलं काही लागेल का?

वल्हेकरी

@चिंबओली ताई, वारा नसेल तर नाही. वारा असेल तर घडी करून मुठीत मावेल असा पातळ पुलओव्हर बोर्डवरच्या कोरड्या पिशवीत ठेवा. आखूड बाह्यांचे स्प्लॅश टॉपही मिळतात, तुमच्यासाठी तेच बरे. कोपराखाली ओलं झालं तर काय बिघडतं.

चिंबओली

धन्यवाद. पण पाणी थंड असेल तेव्हा? पडले तर जॅकेट थोडी तरी ऊब देईल ना?

वल्हेकरी

नाही. आणि ह्या एका बाबतीत मी घासाघीस करणार नाही.

स्प्लॅश टॉप हे होडीत बसलेल्या माणसाचं जॅकेट आहे. पाण्यात पडलेल्या माणसाला त्याचा उपयोग जवळजवळ शून्य. पाणी हवेच्या पंचवीसेक पट वेगाने अंगातली उष्णता ओढतं. जॅकेटला स्वतःची ऊब काहीच नसते. कंबरेतून पाणी आत आलं की संपलं. १५ अंशांच्या खालच्या पाण्यात पडल्यावर पहिला धक्का श्वासाचा असतो. माणूस नकळत मोठा श्वास ओढतो, तोंड पाण्याखाली असेल तर पाणीच ओढतो. गॉर्डन गिसब्रेख्त ह्या कॅनडातल्या शास्त्रज्ञांनी त्यासाठी १-१०-१ असं सूत्र रूढ केलं: श्वास ताब्यात आणायला एक मिनिट, हातापायांत कामाचा जोर असतो ती दहा मिनिटं, आणि शुद्ध हरपायला साधारण एक तास. हे थंडगार पाण्याचं गणित आहे, आणि लाइफ जॅकेट अंगावर आहे असं धरून. नसेल तर दहा मिनिटांच्या पुढचा हिशोब करायची वेळच येत नाही.

कपडे पाण्याच्या तापमानाला घालायचे, हवेच्या नाही. बाहेर छान ऊन आहे म्हणून लोक टी-शर्टवर हलकं जॅकेट चढवून जातात आणि पाणी असतं दहा-बारा अंशांचं. तिथे वेटसूट (नियोप्रीनचा अंगाला घट्ट बसणारा पोशाख) किंवा ड्राय सूट. वेटसूटवर वारा अडवायला स्प्लॅश टॉप चढवा, ती जोडी झकास.

ड्राय टॉपबद्दलही गैरसमज नको. होडी उलटून तुम्ही बसल्या जागी सरळ करू शकत असाल तर तो कोरडा ठेवतो. होडीतून बाहेर पडलात की कंबरेतून पाणी शिरतं, आणि मनगटाला लॅटेक्स असल्यामुळे बाहीतलं बाहेर निघत नाही. किनाऱ्यावर आल्यावर दोन्ही बाह्यांचे फुगे झालेले असतात. पाण्यात असेपर्यंत त्याचं वजन जाणवत नाही, वर चढताना जाणवतं.

रानवाट

दंडवत. एक शंका, पुलओव्हरच्या विरोधात कुणी काहीच बोललं नाही?

शिडवाला

बोलतो की. ओला पुलओव्हर काढणं हा छोटा कुस्तीचा डाव आहे. काढताना दोन्ही हात वर, तोंडावर कापड, काही दिसत नाही, आणि त्यासाठी आधी लाइफ जॅकेट उतरवावं लागतं. म्हणजे सगळ्यांत वाईट क्षणी तुम्ही आंधळे आणि लाइफ जॅकेटविना. त्यामुळे पाण्याच्या मध्यावर काढघाल करायची नाही, किनारा गाठायचा. निघतानाच ठरवा, घालायचं की नाही.

दुसरं, उकडलं तर चेन खाली ओढून हवा घ्यायची सोय नाही. आणि पोटावरचा मोठा खिसा दुकानात फार आवडतो, पण लाइफ जॅकेट चढलं की तिथे हात पोचत नाही. दंडावरचा छोटा खिसा कामाचा.

टाकादोरा

इतका वेळ सगळे बाहेरून बघताहेत. जॅकेट उलटं करा आणि आतून बघा, मी दुरुस्तीला आलेली जॅकेटं आधी तशीच बघते.

आत कापडावर नुसता पांढरट किंवा करडा लेप किंवा नक्षी छापलेली दिसली तर ते अडीच थरांचं: बाहेरचं कापड, मेंब्रेन, आणि मेंब्रेन वाचवायला छापलेला पातळ थर. सगळ्यांत हलकं, घडी छोटी, पण घामाने अंगाला चिकटतं आणि लवकर झिजतं. आत बारीक विणीचं अस्तर मेंब्रेनला चिकटवलेलं असेल तर तीन थरांचं. थोडं जड, पण पट्ट्यांखाली टिकतं. सुटं जाळीदार अस्तर असेल तर दोन थरांचं. ते पाण्यावर नको, जाळी ओली झाली की दिवसभर ओली राहते.

मग शिवण. सुई जिथे जाते तिथे भोक पडतं, म्हणून शिवणीवर आतून पट्टी चिकटवतात. सगळ्या शिवणी झाकलेल्या हव्यात. खांदे आणि टोपीपुरतीच पट्टी लावलेली जॅकेटं मिळतात, ती पावसाच्या सरीला ठीक. काखेत बघा. चार शिवणी जिथे एकत्र येतात तिथे पट्टी वळवून बसवणं अवघड असतं, आणि नखाने हलकं खरवडलं तर हलक्या कामाची पट्टी तिथेच कोपऱ्याला सुटते. वल्हवताना सगळ्यांत जास्त ताणही तिथेच येतो.

घरी तपासायची पद्धत: जॅकेट उलटं करा, मनगट आवळून रबरबँडने बांधा, बाहीत खांद्यापर्यंत पाणी भरा आणि दोरीवर टांगा. बाहेरून कोरड्या कागदाने शिवणीच्या कडेकडेने टिपत जा. कापड धड असेल तर कागद कोरडा. शिवण गेली असेल तर एकेका टाक्यापाशी टाचणीच्या डोक्याएवढा थेंब येतो, टिपला की पुन्हा त्याच जागी. तिथे खडूने खूण करा. वाळल्यावर त्या जागी युरेथेनचा गोंद बोटाने पातळ पसरायचा आणि रात्रभर हलवायचं नाही. मोठा भाग सुटला असेल तर शिवणीची नवीन पट्टी इस्त्रीने बसवता येते, मध्ये सुती कापड ठेवून.

अख्खा लेपच चिकट होऊन पापुद्रे निघत असतील, कपाटातून काढल्यावर आंबट वास येत असेल, तर मात्र त्या जॅकेटला सुट्टी द्या. पॉलियुरेथेन ओलाव्याने आणि उष्णतेने कुजतं, त्यावर इलाज नाही. ओलंच घडी करून पिशवीत महिनोन्महिने ठेवलेली जॅकेटं अशीच मरतात, वापरून नाही.

कोरडवाहू

+१. अडीच थर कयाकसाठी नको म्हणणारं कुणीतरी हवंच होतं.

कापडाच्या जाडीचंही जोडून टाकतो. २० डेनियरच्या आसपासचं कापड हलक्या ट्रेक जॅकेटला. पाण्यावर, खडक आणि होडीच्या कडा आल्या की ४० ते ७० बरं. वजनातला फरक मुख्यतः इथून आणि नियोप्रीनमधून येतो.

जुनीवही

अवांतर: भोकांचा हा हिशोब आर्क्टिकच्या लोकांनी फार आधी मांडला होता. अल्यूशियन बेटांवर सील, सी-लायन यांच्या आतड्यांच्या पट्ट्या जोडून डोक्यातून घालायचे कपडे शिवत. हलके आणि पाणी न झिरपणारे. ग्रीनलंडच्या कयाकवाल्यांचा तुइलिक तर आणखी पुढचा. टोपी, बाह्या आणि स्प्रे स्कर्ट सगळं एकच वस्त्र, खालची कड कयाकच्या तोंडाला आवळायची आणि चेहऱ्याभोवती व मनगटाला बांधायचं. कंबरेचं भोक ठेवलंच नाही! आजही तुइलिक नियोप्रीनमध्ये मिळतो आणि ग्रीनलंड पद्धतीने उलटसुलट फिरणारे तो वापरतात.

कारखान्यातला माल त्यामानाने अडखळत आला. चार्ल्स मॅकिंटॉशने १८२३ मध्ये दोन कापडांत रबराचा थर दाबून पेटंट घेतलं. ते उन्हात चिकट आणि थंडीत कडक व्हायचं, आणि शिंप्याने सुई मारली की शिवणीतून गळायचं. टाकादोरा ताई तेव्हा असत्या तर त्यांचं बरं चाललं असतं. पॅरिसमध्ये १९६५ साली के-वे नावाचं पातळ रेन जॅकेट आलं, स्वतःच्याच खिशात घडी होणारं. १९६९ मध्ये अमेरिकेत बॉब गोर तापवलेल्या टेफ्लॉनच्या कांड्या हळूहळू ताणून बघत होता, त्या तुटत होत्या. शेवटी एक झटक्यात ओढली आणि ती न तुटता कित्येक पट लांबली. आत सूक्ष्म छिद्रांचं जाळं. थेंब आत येत नाही, वाफ बाहेर जाते. पुढची मेंब्रेनची बाजारपेठ बरीचशी त्या झटक्यातून आली.

उगाचच

कंबरेचं भोकच नाही... आणि शौचाला जायचं झालं तर?

जुनीवही

खालची कड कयाकला बांधलेली असते हो, माणसाला नव्हे.

रानवाट

अजून एक विचारून घेतो. माझ्या जुन्या जॅकेटवर पूर्वी पाण्याचे मणी व्हायचे आणि घरंगळायचे. आता वरचं कापड गडद होऊन भिजतं. म्हणजे वॉटरप्रूफपणा गेला ना?

टाकादोरा

गेला नाही. मणी होतात ते वरच्या कापडावरच्या लेपामुळे, पाणी अडतं ते आतल्या मेंब्रेनमुळे. लेप गेला की वरचं कापड पाणी पितं, जड आणि गार होतं, वाफ बाहेर जायची बंद होते. मग आत घाम साठतो आणि लोकांना वाटतं गळतंय.

आधी धुवा. साध्या डिटर्जंटचा अंश कापडावर राहतो आणि तोच पाणी ओढतो, म्हणून अशा कपड्यांसाठीचा साबण घ्या, फॅब्रिक सॉफ्टनर तर चुकूनही नको. दोनदा खळबळून घ्या. वाळल्यावर लेबलवर परवानगी असेल तर ड्रायरमध्ये मंद आचेवर किंवा कापड ठेवून कोमट इस्त्री. उष्णतेने उरलेला लेप पुन्हा जागा होतो. तरी मणी आले नाहीत तर फवाऱ्याचा नवा लेप द्या. लॅटेक्स किंवा नियोप्रीन असलेल्या जॅकेटला ड्रायर नको, तिथे फवारा मारून सावलीत वाळवा.

समुद्रावरून आलात की त्याच दिवशी गोड्या पाण्याने. मीठ हवेतला ओलावा धरून ठेवतं, कापड वाळूच देत नाही, आणि चेन असेल तर तिचा सरकता भाग गंजवतं.

कोरडवाहू

नवीन जॅकेटवरचा लेप पूर्वीएवढा टिकत नाही अशी ओरड ऐकाल. त्यात तथ्य आहे. जुने लेप फ्लोरिनच्या रसायनांचे होते, पीफास म्हणतात ते. ती निसर्गात मोडत नाहीत. त्यातलं पीएफओए २०१९ मध्ये स्टॉकहोम करारातल्या (निसर्गात टिकून राहणाऱ्या घातक रसायनांवरचा आंतरराष्ट्रीय करार) यादीत गेलं. कॅलिफोर्नियाने २०२५ च्या सुरुवातीपासून कपड्यांत पीफासवर बंदी आणली, फक्त अतिओल्या परिस्थितीसाठीच्या जॅकेटांना २०२८ पर्यंत मुदत दिली. फ्रान्सची बंदी २०२६ पासून. नवे लेप पाणी छान झटकतात, पण तेल झटकत नाहीत. सनस्क्रीन आणि मानेचं तेल लागलं की तिथे पाणी पितात. उपाय एकच, जास्त वेळा धुणे. मला हा सौदा मान्य आहे. ज्या पाण्यात आपण खेळतो त्यातच ते रसायन सोडायचं, हे काही बरं नव्हतं.

वल्हेकरी

सनस्क्रीनचा विषय निघालाच आहे तर, लॅटेक्सचा सगळ्यांत मोठा शत्रू तोच. तेलकट सनस्क्रीन लावून गॅस्केट ओढलं की हळूहळू ते मऊ, चिकट होतं आणि एक दिवस ऐन घालताना टर्रकन फाटतं. ऊनही लॅटेक्सला खातं, म्हणून वाळवायचं सावलीत. ठेवताना टाल्कम पावडर. लॅटेक्सची अॅलर्जी असेल तर सिलिकॉनची गॅस्केट मिळतात.

रानवाट

सगळ्यांचे आभार. माझ्यापुरतं असं ठरतंय: डोंगरासाठी जुनं रेन जॅकेट धुऊन, लेप देऊन चालवायचं. पाण्यासाठी वेगळा स्प्लॅश टॉप, तीन थर, नियोप्रीनचं मनगट, दुहेरी कंबर, बिनटोपीचा, नारिंगी. ड्राय टॉप आत्ता नको, मला अजून कयाक उलटल्यावर बसल्या जागी सरळ करता येत नाही.

वल्हेकरी

बरोबर. सगळ्यांनाच दोन लागतात असं नाही. चिंबओली ताईंसारखं कोमट पाणी, सप किंवा वर बसायची उघडी कयाक असेल तर ताणणाऱ्या मनगटाचा एक हलका अनोराक दोन्हीकडे चालून जातो. स्प्रे स्कर्ट आला की एकाने भागत नाही.

शिडवाला

माप घेताना दुकानात नुसते उभे राहू नका. आत जे घालणार ते घाला, वरून लाइफ जॅकेट चढवा, जमिनीवर पाय पसरून बसा आणि वल्हं मारायची क्रिया करा. दोन्ही हात पुढे नेऊन कंबरेतून वळा. पाठीवर ताण आला किंवा मनगट कोपराकडे सरकलं तर एक माप मोठं. लोक बघतात, बघू देत.

चिंबओली

नियोप्रीनचा गळा चष्म्यावरून ओढता येतो का?

टाकादोरा

नाही, चष्मा आधी काढून ठेवा, पट्टा असेल तर तोही. कानातलं काढा, केस घट्ट बांधा. गळा दोन्ही हातांनी आतून धरून फाकवायचा आणि हनुवटीकडून नव्हे, डोक्याच्या मागच्या बाजूने आधी घालायचा. नख लागू देऊ नका. नियोप्रीन चालवून घेतं, लॅटेक्स चालवून घेत नाही.